आभाळातून उतरणारी ज्वारी

दक्षिण सुदानमध्ये ज्वारी आभाळातून पडते, अगदी अक्षरशः.

पावसाळा लागला की त्या देशाचा मोठा भाग पाणथळ होतो, कच्च्या वाटा चिखलात जातात आणि यादवीने आधीच पोळलेली गावे महिनोन्‌महिने तुटून राहतात. तिथल्या माणसाचे मुख्य धान्य आपल्यासारखेच, ज्वारी. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम ती विमानाने पोहोचवतो. उतरायला धावपट्टी नसते, म्हणून विमान उतरतच नाही. आयएल-76 हे चार इंजिनांचे अवाढव्य मालवाहू विमान आखून दिलेल्या मैदानावर सुमारे 300 मीटर उंचीवरून येते. शेपटाखालचा दरवाजा उघडलेला असतो. वैमानिक विमानाचे नाक किंचित वर उचलतो, पोटातले अडसर सुटतात आणि 50-50 किलोच्या गोण्या आपल्याच वजनाने घसरत बाहेर पडतात. एका फेरीत साधारण 30 टन, म्हणजे 600 गोण्या. पॅराशूट एकीलाही नाही.

माणशी रोज अर्धा किलो धरला तर 30 टन ज्वारी 2,000 माणसांना महिनाभर पुरते. ती सगळी विमानाबाहेर पडायला मात्र काही सेकंदच लागतात.

गोणी फुटत नाही का? फुटते. म्हणूनच एका गोणीवर दुसरी, कधी तिसरी चढवलेली असते. आतली फाटली तरी बाहेरची दाणे धरून ठेवते. आपल्या हवाई दलाची डकोटा विमाने ईशान्येच्या डोंगरांतल्या चौक्यांवर धान्य टाकत तेव्हाही दुहेरी गोणपाटाचीच युक्ती होती.

आणि गोणी सरळ खालीही पडत नाही. 300 मीटर खाली यायला तिला जवळपास आठ सेकंद लागतात. ताशी 300 किलोमीटर वेगाच्या विमानातून ती सुटली, तर तेवढ्या वेळात ती साडेसहाशे मीटर पुढे जाईल, असे कागदावरचे गणित सांगते. हवेचा अडथळा ते अंतर कमी करतो, वारा त्यात आपली भर घालतो. म्हणजे गोण्या सोडायच्या त्या मैदान पायाखाली येण्याच्या बऱ्याच आधी, आणि एका सेकंदाची चूक म्हणजे 80 मीटरांची चूक.

कोठार आणि वाट

मंगळवेढ्यात राहून हे वाचताना ते दूरचे वाटत नाही. या तालुक्याला ज्वारीचे कोठारच म्हणतात. काळी, खोल जमीन पावसाची ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर, वरून पाणी न देता, रब्बीची मालदांडी उभी राहते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. याच गावात, पंधराव्या शतकात, दामाजीपंतांनी बहामनी सुलतानाचे धान्याचे कोठार परवानगी न घेता दुष्काळग्रस्तांसाठी उघडले, अशी कथा आहे. पुढे विठोबा विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन धान्याचे पैसे भरून आला, हे महाराष्ट्रातल्या पोराटोरांनाही ठाऊक असते.

या कथेतली एक गोष्ट नजरेआड राहते. कोठार उघडले तेव्हा ज्यांना चालवत होते ती माणसे तिथवर आली. ज्यांच्या पायांत बळ उरले नव्हते, किंवा ज्यांचे गाव चार दिवसांच्या वाटेवर होते, त्यांना ते धान्य असून नसल्यासारखेच. दुष्काळ, वेढा, पूर, भूकंप, युद्ध, काहीही घ्या. माल असणे हा अर्धा प्रश्न, आणि तो पोहोचणे हा उरलेला अर्धा. या उरलेल्या अर्ध्या प्रश्नावर विसाव्या शतकाने जी उत्तरे काढली, त्यांतले सर्वांत खर्चिक आणि सर्वांत थक्क करणारे उत्तर म्हणजे लष्करी हवाई वाहतुकीचा तळ.

मंगळवेढ्याला असा तळ नाही. सोलापूरचा विमानतळ नागरी आहे. जवळचा मोठा लष्करी तळ पुण्याचा लोहगाव. पुण्याचे प्रवासीही हवाई दलाच्याच धावपट्टीवरून उडतात. पण लोहगावची ओळख लढाऊ विमानांची. वाहतुकीचे मोठे तळ म्हणजे आग्रा, चंदिगड, दिल्लीजवळचे हिंडन, बंगालमधले पानागड. आणि मराठी माणसांच्या जुन्या वस्तीचे बडोदे. हवाई दलाची नवी सी-295 विमाने सर्वांत आधी तिथल्या 11 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली. अशा 56 विमानांचा करार 2021 मध्ये झाला. त्यांतली 16 स्पेनमधून तयार होऊन यायची, उरलेली 40 बडोद्यातच जोडायची. त्या कारखान्याचे उद्घाटन 28 ऑक्टोबर 2024 रोजी झाले.

लढाऊ तळ आणि वाहतुकीचा तळ यांत मूळचाच फरक आहे. लढाऊ विमान तळावरून जाते आणि तळावर परत येते. त्याचे काम दोन्हींच्या मधे, हवेत असते. वाहतुकीच्या विमानाचे हवेतले काम साधे: इथून तिथे जाणे. त्याची खरी कसोटी जमिनीवर लागते.

जमिनीवरचे शास्त्र

आपल्या हवाई दलाकडची मालवाहू विमाने लहानाकडून मोठ्याकडे मांडली तर एक शिडी दिसते. एएन-32 सुमारे पावणेसात टन उचलते. सी-295 नऊ टनांच्या आसपास. सी-130जे 20 टनांच्या घरात. आयएल-76, ज्याला आपल्याकडे गजराज नाव आहे, ते 40 टनांच्या वर. आणि सी-17 हे सर्वांत मोठे, 77 टनांपर्यंत. मालाने आणि इंधनाने पूर्ण भरलेले सी-17 उड्डाणाच्या वेळी 265 टनांपर्यंत भरते. तेवढ्या वजनात भरलेली नऊ-दहा एएन-32 बसतील.

तळ बांधणाऱ्याची पहिली चिंता याच आकड्यातून निघते. 265 टनांचे ओझे मोजक्या चाकांवर धावपट्टीवर टेकते. म्हणून धावपट्टी लांब असून भागत नाही, ती खोलवर भक्कम लागते, आणि विमाने उभी करायचे फरसबंद अंगणही तितकेच भक्कम. उलट ज्या टोकाला माल न्यायचा तिथे बहुधा यातले काहीच नसते. म्हणून विमानेच वेगळ्या घडणीची केली जातात. आयएल-76 ला 20 चाके आहेत, वजन पसरावे म्हणून. पंख पाठीवर असतात, म्हणजे इंजिने जमिनीपासून उंच राहतात, खडे आत ओढले जात नाहीत आणि विमानाचे पोट जमिनीलगत येते. त्यामुळे शेपटाखालचा दरवाजा उतरवला की जीप सरळ आत चालत जाते, आणि ट्रकचा हौदा मागे लावून सामान थेट आत सरकवता येते. सी-17 तर इंजिनांचा झोत उलटा फिरवून स्वतःच मागे सरकू शकते, कारण दूरच्या लहान तळावर त्याला ढकलायला ट्रॅक्टर असेलच असे नाही.

आत लाकडी-लोखंडी पाट नसतात, जागच्या जागी फिरणाऱ्या धातूच्या नळ्या असतात. माल आधीच ठरावीक मापाच्या पॅलेटवर रचून, जाळीने आवळून, वजन करून तयार ठेवलेला असतो. पॅलेट या नळ्यांवरून ढकलले की टनभराचा ढीग दोन-चार माणसांच्या हातांनी पुढे जातो आणि जागेवर खटकन अडकतो.

या सगळ्याचा कारभारी म्हणजे लोडमास्टर. कुठला माल कुठे बसेल, हे वैमानिक नव्हे, तो ठरवतो. ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला त्याचे काम सांगावे लागणार नाही. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळते, पुढे झाले की जू बैलांच्या मानेवर बसते. विमानाचेही तेच. फरक इतकाच की विमान हवेत उलाळले तर खाली उतरून दोन पोती पुढे सरकवता येत नाहीत. म्हणून प्रत्येक पेटीचे वजन आणि विमानाच्या नाकापासूनचे तिचे अंतर यांचा गुणाकार मांडून समतोलाचा बिंदू काढतात, आणि तो ठरलेल्या छोट्या पट्ट्यात आला तरच विमान हलते. आता दक्षिण सुदानच्या त्या विमानाकडे पुन्हा पाहा. 30 टन ज्वारी काही सेकंदांत पोटातून शेपटाकडे धावते आणि निघून जाते. तेवढ्या वेळात समतोलाचा बिंदू मागे सरकतो आणि लगेच परत येतो. वैमानिक दोन्ही हातांनी ते सावरत असतो.

पॅराशूटने टाकायचा माल बांधणे ही आणखी वेगळी विद्या. आपल्याकडे ते काम स्थलसेनेची आर्मी सर्व्हिस कोअर करते. औषधांच्या पेटीखाली धक्का शोषणारे थर लावलेली बैठक, रॉकेलच्या पिंपाला वेगळी बांधणी, जीपला आणखी वेगळी. जड माल बाहेर काढताना तो ढकलत नाहीत. आधी एक लहान पॅराशूट शेपटामागे सोडतात. ते वाऱ्याने फुगते आणि टनावारी वजनाचा पाट विमानातून खेचून काढते. मग मोठ्या छत्र्या उघडतात. अशी पॅराशूटे घडवणारी संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आग्र्यात आहे. भारतीय छत्रीधारी सैनिक पहिली उडी मारायला शिकतो ती शाळाही आग्र्यातच. विमान, माल, छत्री आणि माणूस एकाच ठिकाणी तयार होतात, हे योगायोगाने झालेले नाही.

मिनिटांचा व्यापार

चंदिगडहून लेहला विमानाने सुमारे तास लागतो. वाटेत हिमालय आहे आणि हिवाळ्यात त्यातल्या खिंडी बर्फाने बंद होतात. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून 3,256 मीटरवर. तिथली हवा सखल भागातल्या हवेच्या सुमारे 70 टक्के दाट. दिवस चढला की तापून ती आणखी विरळ होते आणि डोंगरांवरून वारे सुटतात. म्हणून जड विमानांचे काम सकाळी.

आता एक हिशेब करू. समजा पहिल्या उड्डाणापासून मोजता लेहवर उतरायला पाच तासांपेक्षा कमी वेळ मिळणार आहे, उड्डाण एक तासाचे आहे, आणि माल भरायला व उतरवायला प्रत्येकी तास लागतो. पहिली फेरी पोहोचली, तासाभरात रिकामी झाली, परत आली, पुन्हा भरली. ती दुसऱ्यांदा लेहवर येईपर्यंत पाच तास पुरे झाले, वेळ संपली. दिवसाची एकच फेरी पदरात पडली. आता भरणे आणि उतरवणे प्रत्येकी 20 मिनिटांत करा. दुसरी फेरी तीन तास 40 मिनिटांनी लेहवर टेकते आणि चार तासांच्या ठोक्याला रिकामी परत निघते. विमान तेच, वैमानिक तोच, वेग तोच. माल दुप्पट. हा दुप्पट माल गोदामातल्या माणसांनी आणला, विमानाने नाही.

हे सत्य जगाला मोठ्या प्रमाणावर उमगले ते 1948 मध्ये. त्या वर्षी 24 मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डकोटा विमान लेहच्या वाळूवर पहिल्यांदा उतरवले. सिंधूकाठच्या त्या कच्च्या पट्टीचे काम अभियंता सोनम नोरबू यांनी स्थानिक लोकांच्या हातून करून घेतले होते. विमानात मेहर सिंग यांच्यासोबत जनरल थिमय्या होते. बरोबर महिन्याभराने, जूनच्या अखेरीस, सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनच्या वाटा बंद केल्या आणि ब्रिटिश-अमेरिकी विमानांनी एक अख्खे शहर हवेतून जगवायला घेतले. सप्टेंबर 1949 पर्यंत पावणेतीन लाखांहून जास्त उड्डाणांत सुमारे 23 लाख टन माल गेला. त्यातला सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. विमानाने कोळसा!

बर्लिनचा हा कारभार ज्याने शिस्तीला लावला तो विल्यम टनर याआधी आसाममधल्या तळांवरून हिमालय ओलांडून चीनला माल नेणाऱ्या मोहिमेचा प्रमुख होता. त्याने बर्लिनमध्ये दोन नियम केले. उतरण्याचा पहिला प्रयत्न हुकला तर दुसरा करायचा नाही, भरलेल्या मालासकट परत जायचे, म्हणजे मागची रांग मोडत नाही. आणि माल उतरत असताना वैमानिकाने विमान सोडून जायचे नाही. चहा-नाश्ता आणि हवामानाची माहिती विमानापाशी येईल. ऐकायला क्षुल्लक. पण 1949 च्या ईस्टरला एका दिवसात जवळजवळ 13,000 टन माल उतरला तो अशा क्षुल्लक नियमांच्या जोरावर.

राजे, चाफेकर आणि विरळ हवा

लेहच्या उत्तरेला, काराकोरम खिंडीजवळ दौलत बेग ओल्डी नावाची चौकी आहे. उंची 5,000 मीटरांहून थोडी जास्त. तिथे 1962 च्या जुलैमध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दोन इंजिनांचे पॅकेट विमान उतरवले. इतक्या उंचीवर असले विमान त्याआधी उतरले नव्हते. पुढे 1960 च्या दशकाच्या मध्यात ती पट्टी वापरातून गेली. 43 वर्षांनी, 31 मे 2008 रोजी, ग्रुप कॅप्टन एस. सी. चाफेकर यांनी एएन-32 तिथे पुन्हा टेकवले. आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी ग्रुप कॅप्टन तेजबीर सिंग यांनी 20 टनांच्या वर्गातले सी-130जे नेले. राजे आणि चाफेकर, दोन्ही आडनावे मराठी कानाला ओळखीची. पण त्यांनी नेमके केले काय, हे समजायला थोडे भौतिकशास्त्र लागते.

5,000 मीटरांवर हवेची घनता सखल भागाच्या सुमारे 60 टक्के. पंखाला विमान तोलून धरायला जितकी हवा अंगावरून जायला हवी तितकी मिळवायची तर वेग वाढवावा लागतो. गणित करा: त्याच वजनाच्या विमानाला टेकताना जमिनीवर सुमारे 30 टक्के जास्त वेगाने धावावे लागते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे चाकांच्या ब्रेकांना दीडपटीहून जास्त ऊर्जा शोषावी लागते. पट्टी कच्ची असते. आणि उडताना? इंजिनालाही तीच विरळ हवा मिळते, त्याचे बळ घटते, धाव लांबते. पॅकेट विमानांवर हवाई दलाने त्यासाठी अफलातून उपाय केला होता: पंख्याच्या दोन इंजिनांशिवाय विमानाच्या पाठीवर ऑर्फियस जेट इंजिन बसवले. पंख्याच्या विमानाच्या डोक्यावर जेट! दिसायला विचित्र, पण लडाखच्या चौक्या त्यावर तगल्या.

म्हणूनच अशा ठिकाणी वाहतुकीचे गणित उलटे चालते. जाताना माल जास्त, येताना कमी. इंधन परतीपुरते आणि थोडे राखीव, कारण इंधनाचा प्रत्येक किलो मालातून वजा होतो. चंदिगडच्या गोदामात बसलेल्या कारकुनाने दोन पेट्या जास्त चढवल्या, तर त्याचा जाब वैमानिकाला 5,000 मीटरांवर द्यावा लागतो.

माणसे हाच माल होतो तेव्हा

ढाक्याच्या उत्तरेला टांगाईल गावाजवळ 11 डिसेंबर 1971 च्या दुपारनंतर आभाळ छत्र्यांनी भरले. उतरणारी पलटण होती 2 पॅरा, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. तेव्हा तिच्या नावापुढे कंसात ‘मराठा’ असे लिहीत. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली या जवानांनी पुंगलीचा पूल धरला आणि उत्तरेकडून ढाक्याकडे मागे सरणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट कापली. एएन-12, पॅकेट, कॅरिबू, डकोटा अशी चार वेगवेगळ्या वेगांची विमाने एका जागी, ठरल्या वेळी आणायची होती. जो हळू तो आधी निघतो, जो वेगवान तो मागून. त्या दिवशीच्या शौर्याआधी कुणीतरी कागदावर हे वेळापत्रक जुळवले होते.

17 वर्षांनी आग्र्याची पाळी आली. 3 नोव्हेंबर 1988 च्या पहाटे मालदीवमध्ये भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी राजधानी माले ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी भारताकडे मदत मागितली. त्याच संध्याकाळी आग्र्याहून दोन आयएल-76 छत्रीधारी जवानांना घेऊन निघाली. पहिल्या विमानाचे सुकाणू 44 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर यांच्या हाती होते आणि सोबत ब्रिगेडियर फारुख बलसारा. न थांबता 2,000 किलोमीटरांहून जास्त अंतर कापून, समुद्रातल्या हुलहुले बेटाच्या अरुंद पट्टीवर ती रात्रीच्या अंधारात उतरली. उठाव फसला. मदतीच्या हाकेपासून उतरण्यापर्यंत एक दिवसही गेला नव्हता. पलटण आणि विमाने एकाच गावात नसती, तर त्या दिवसातला मोठा भाग त्यांची गाठ घालण्यातच गेला असता.

रेल्वे की विमान?

इतके वाचल्यावर वाटेल की मग दुष्काळातही विमानेच का पाठवू नयेत? एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानले होते. मिरजेहून पाण्याची जलदूत गाडी निघाली. सुरुवातीच्या छोट्या खेपांनंतर 50 वाघिणींची गाडी एका वेळी 25 लाख लिटर पाणी नेऊ लागली. ती आपल्या शेजारच्या पंढरपुरावरूनच लातूरकडे जाई. 25 लाख लिटर म्हणजे 2,500 टन. देशाकडे सी-17 विमाने 11. सगळीच्या सगळी पूर्ण भरून प्रत्येकी तीन फेऱ्या केल्या तेव्हा कुठे ती एक गाडी भरते. जिथे रूळ आहेत आणि एक-दोन दिवस थांबता येते, तिथे विमान हा मूर्खपणा आहे.

विमान शहाणपणाचे कधी ठरते, हे पुण्यानेच दाखवले. 24 एप्रिल 2021 रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, सी-17 विमानाने लोहगावहून ऑक्सिजनचे दोन टँकर जामनगरला नेले. टँकर रिकामे होते. वाचणाऱ्याला वाटेल, रिकामे भांडे विमानाने कशाला? कारण द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंशांना उकळतो. टँकरमध्ये तो सतत थोडा थोडा वायू होऊन सुटत राहतो, आणि बंद विमानात शुद्ध ऑक्सिजन साचणे म्हणजे आगीला आवतण. भरलेला टँकर म्हणून जमिनीवरूनच आला पाहिजे. पण रिकामा टँकर रस्त्याने जाण्यात दिवस मोडला असता. जाण्याचा तो दिवस विमानाने वाचवला आणि टँकर भरून परत फिरले. ऑक्सिजनचा थेंबही न उचलता विमानाने ऑक्सिजन लवकर आणला.

वाहतूक तळाचा खरा माल यातून कळतो. वजन रेल्वे आणि जहाजेच वाहतात, पुढेही वाहतील. तळ विकत घेतो ते तास, आणि प्रचंड किमतीला. म्हणून तो सगळ्यांसाठी, सदैव वापरायचा नसतो. पण तो ऐनवेळी उभाही करता येत नाही. लोडमास्टर घडायला, छत्री बांधणारे हात तयार व्हायला, धावपट्टी मुरायला वर्षे लागतात. 2020 मध्ये गलवानच्या संघर्षानंतर 68,000 जवान आणि सुमारे 90 रणगाडे पूर्व लडाखकडे हवाई मार्गाने नेल्याचे संरक्षण खात्यातल्या सूत्रांनी पुढे सांगितले. ती तयारी 2020 मध्ये सुरू झाली नव्हती. ती राजे यांच्या काळापासून, रोजच्या कंटाळवाण्या फेऱ्यांत, साचत आली होती.

या फेऱ्यांचे परतीचे ओझे मात्र क्वचितच बातमीत येते. सामान उतरवून विमान रिकामे निघत नाही. रजेवरचे जवान येतात, आजारी माणसे येतात. कारगिलमध्ये झोजी खिंड बंद झाली की हवाई दलाचे एएन-32 ‘कारगिल कुरिअर’ म्हणून जम्मू आणि श्रीनगरच्या फेऱ्या करते आणि त्यात बसतात ते नागरिक: परीक्षेला निघालेली मुले, दवाखान्याला निघालेले रुग्ण, हिवाळ्यात अडकून पडलेली कुटुंबे. प्रवाशांची नावे प्रशासन नोंदवते, विमान हवाई दल चालवते, आणि लोडमास्टर त्यांच्या बोचक्यांचीही वजने तितक्याच काटेकोरपणे मांडतो. लष्करी वाहतूक तळाची कामे मोजायला बसलो तर रणगाडे आणि छत्रीधारी आधी आठवतात. जानेवारीतल्या कारगिलला विचारले तर यादी बहुधा या बोचक्यांपासून सुरू होईल.